निद्रोपचार आणि रुग्णाची आठवण



या मंचावर आजवर मोठमोठे पंडित बोलून गेले. आमची शाळा सातवीत सुटली; पुढचे शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या वर्गणीवर आणि कामगारांच्या सहवासात. अशा माणसाने वैद्यकाच्या इतिहासावर बोलावे हे काहींना खटकेल. त्यांना आमचे इतकेच सांगणे आहे की, हा विषय आम्ही शोधला नाही. तो आमच्या युनियनच्या कचेरीत आपल्या पायांनी चालत आला.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचा एक यंत्रमाग कामगार, वीस-बावीस वर्षे एक आठवडा दिवसपाळी आणि एक आठवडा रातपाळी अशी बारा-बारा तासांची कामे केलेला, झोपेला पारखा झाला. पुढे पुढे त्याच्या मनाचाही तोल जाऊ लागला. काही आठवडे तो अखंड बडबडे, चार माणसांची कामे अंगावर घेई; नंतर महिना महिना भिंतीकडे तोंड करून पडून राही. त्याच्या बायकोने आम्हांला गाठले आणि आम्ही त्याला शहरातल्या एका दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टर तरुण होते, स्वभावाने मृदू होते. आजाराची औषधे त्यांनी लिहून दिलीच, पण झोपेसाठी केवळ गोळीवर विसंबू नका असे सांगून, झोपावे केव्हा, उठावे केव्हा, झोप न आल्यास काय करावे, हे सारे पाव तासात नीट समजावले. परतताना एस.टी. स्टँडवर चहा घेत आम्ही विचारले, "काय काय सांगितलं रं डॉक्टरांनी?"

तो म्हणाला, "अण्णा, देवमाणूस हाय. लई बेस समजावलं."

"ते खरं, पण सांगितलं काय?"

बराच वेळ कपाकडे पाहून तो म्हणाला, "चहा कमी कर म्हणाले. आन् खाटंचं काय तरी... ते न्हाई बघा ध्यानात."

आम्हांला राग आला. मग मनाशी म्हटले, आपणही शेजारीच बसलो होतो, आपल्याला तरी काय आठवते पाहू. डॉक्टरांनी सात गोष्टी सांगितल्या होत्या. आम्हांला चार आठवल्या. महागाईभत्त्याचे आकडे तोंडपाठ असल्याचा अभिमान बाळगणाऱ्या, मन निरोगी आणि झोप शाबूत असलेल्या माणसाची ही कथा. मग त्या बिचाऱ्याला दोष कसला द्यायचा?

त्या दिवसापासून एका प्रश्नाने आम्हांला धरून ठेवले. मनाच्या रोग्याला झोपेचा उपचार देतात, त्यातले त्याच्या ध्यानात काय राहते? आणि ते राहावे अशी वैद्यांची इच्छा तरी कधीपासून झाली? मिळतील ती पुस्तके आम्ही वाचली, नडले तेथे जाणत्यांना विचारले. त्यातून जो इतिहास हाती आला, तो आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

झोप हेच औषध

झोपेचा उपचार म्हटला की त्याचे दोन अगदी निराळे अर्थ होतात. एक, रोग्याला औषधाने दिवसेंदिवस झोपवून ठेवणे. दुसरा, हरवलेली झोप परत कशी मिळवावी हे जागेपणी शिकवणे. पहिला अर्थ जुना आहे, आणि त्याची सुरुवात एका अपघाताशी जोडलेली आहे.

शांघाय येथे नील मॅक्लाउड नावाचा एक स्कॉटिश डॉक्टर होता. ब्रोमाइड हे तेव्हाचे प्रसिद्ध शामक औषध. त्याची अतिमात्रा पोटात गेल्याने दीर्घ निद्रेत गेलेला रोगी जागा झाल्यावर त्याचे मॉर्फिनचे व्यसन सुटल्याचे या डॉक्टराला आढळले. १८९७ मध्ये त्याने ते प्रसिद्ध केले आणि पुढे उन्मादाच्या रोग्यांवरही असा 'ब्रोमाइड निद्रे'चा प्रयोग केला. १९०३ मध्ये जर्मनीत फिशर आणि फॉन मेरिंग यांनी व्हेरोनाल हे बार्बिट्युरेट जातीचे पहिले झोपेचे औषध पुढे आणले, आणि माणसाला हव्या तितक्या वेळ झोपवून ठेवण्याचे साधन डॉक्टरांच्या हाती आले.

त्याचा पद्धतशीर वापर स्वित्झर्लंडात याकोब क्लेझी याने केला. झ्युरिकच्या बुर्गहोल्झ्ली या विख्यात मनोरुग्णालयात १९२० च्या सुमारास त्याने स्किझोफ्रेनियाच्या रोग्यांना सोम्निफेन नावाचे औषध देऊन कित्येक दिवस निद्रेत ठेवले. २६ पैकी ३ रोगी दगावले. हा आकडा ऐकून अंगावर काटा येतो. परंतु त्या काळी या रोगावर कसलाच उपाय नव्हता, रोगी भिंतींच्या आड म्हातारा होऊन मरत असे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

क्लेझीच्या विचारातली एक गोष्ट मात्र आम्हांला फार मोलाची वाटली. झोप म्हणजेच औषध असे त्याचे म्हणणे नव्हते. झोपेतून अर्धवट जागा होणारा, दुबळा झालेला रोगी लहान मुलासारखा परिचारिकेवर आणि डॉक्टरवर विसंबतो. जो एरवी कोणाशी शब्दही बोलत नाही, तो बोलू लागतो. आणि मग त्याच्याशी संवाद करता येतो, अशी त्याची कल्पना होती. म्हणजे झोप ही केवळ दार उघडण्याची किल्ली होती. दार उघडल्यावर आत जाऊन बोलायचे, हा हेतू होता. पुढे या उपचाराची किल्ली जगभर गेली आणि दारापलीकडचा संवाद मात्र मागे राहिला.

पाव्हलॉव्हची शिकवण

आमच्या पिढीच्या चळवळीतल्या लोकांना रशियातल्या गोष्टींविषयी विशेष ओढा असे, तो आम्ही लपवीत नाही. पाव्हलॉव्हचे नाव आम्ही प्रथम अभ्यासवर्गात ऐकले. मेंदूच्या पेशींवर अतोनात ताण आला की त्या स्वतःच्या रक्षणासाठी काम थांबवतात, निद्रा हे त्या थांबण्याचेच व्यापक रूप होय, असा त्याचा सिद्धांत होता. तो १९३६ मध्ये वारला. परंतु त्याच्या या 'संरक्षक अवरोधा'च्या आधारावर सोव्हिएत देशात निद्रोपचाराचा मोठा प्रसार झाला. १९५० मध्ये मॉस्कोत भरलेल्या परिषदेनंतर तर पाव्हलॉव्हची शिकवण ही जवळजवळ सरकारी आज्ञाच बनली. विजेच्या सौम्य प्रवाहाने निद्रा आणण्याचे प्रयोगही तेथे झाले.

थकलेल्या मेंदूला विश्रांती द्यावी, ही कल्पना कामगाराच्या माणसाला पटण्याजोगीच आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी झगडून १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवली, ती विश्रांतीच होती. परंतु फरक पाहा. लोखंड्यांच्या कामगाराने आपली सुट्टी सभा भरवून, अर्जावर सह्या करून मिळवली. ती कशी आली हे त्याला ठाऊक होते. निद्रोपचाराच्या रोग्याला विश्रांती दुसऱ्याने टोचली. ती का दिली, किती दिली आणि तिच्यातून आपण काय घेऊन उठलो, हे त्याला सांगता येत नव्हते. शास्त्रीय वचनाला सरकारी आज्ञेचे रूप आले की प्रश्न विचारणारा कमी होतो, मग राज्य कोणाचेही असो.

लंडन, माँट्रियल, सिडनी

दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिमेकडे या उपचाराने जे वळण घेतले, ते सांगताना मन जड होते. झोपेच्या जोडीला आता विजेचे झटके आले. येथे एक खुलासा केलाच पाहिजे. विजेचे झटके हा उपचार आजही, भूल देऊन आणि संमती घेऊन, तीव्र औदासीन्याच्या रोग्यांना दिला जातो आणि त्याने पुष्कळांचे प्राण वाचतात. आम्ही बोलत आहोत ते झोपेत असलेल्या, नकार देऊ न शकणाऱ्या माणसाला दिलेल्या झटक्यांविषयी.

लंडनमध्ये विल्यम सार्जंट हा नामांकित मनोविकारतज्ज्ञ १९६० नंतरच्या दशकात रोग्यांना आठवडेच्या आठवडे, कधी तीन महिन्यांपर्यंत झोपेत ठेवी. अधूनमधून त्यांना खाऊपिऊ घालण्यापुरते उठवीत आणि झटकेही देत. उपचार किती काळ चालला, झटके किती बसले, याची रोग्याला आठवण राहत नाही, ही गोष्ट त्याने आपल्या पाठ्यपुस्तकात उपचाराचा लाभ म्हणून नोंदवली. रोग्याला आठवले असते तर तो पुन्हा तयार झाला नसता, हा त्यातला व्यवहार! मजुरीच्या चिठ्ठीवरचा आकडा कामगाराला वाचता येत नाही हे सोयीचे मानणारे मुकादम आम्ही पाहिले आहेत. त्यांची आठवण आम्हांला येथे झाली.

कॅनडातल्या माँट्रियल शहरी इवेन कॅमेरॉन याने याहून पुढची पायरी गाठली. हा कोणी भोंदू नव्हता. अमेरिकेच्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेचा तो अध्यक्ष होता, पुढे जागतिक संघटनेचाही पहिला अध्यक्ष झाला. न्यूरेंबर्गच्या खटल्याच्या वेळी रुडॉल्फ हेसची मानसिक तपासणी करणाऱ्यांत तो होता. रोगी माणसाच्या मनातल्या जुन्या सवयी आणि आठवणी प्रथम पुसून टाकाव्यात आणि कोऱ्या पाटीवर नवे धडे लिहावेत, अशी त्याची कल्पना होती. पुसण्यासाठी दीर्घ निद्रा आणि वारंवार झटके. लिहिण्यासाठी ध्वनिफितीवर मुद्रित केलेले एकच वाक्य हजारो वेळा रोग्याच्या कानाशी वाजवणे. या पद्धतीविषयीचा त्याचा लेख १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि १९५७ पासून काही वर्षे अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याचा पैसाही आडमार्गाने त्याच्याकडे येत होता.

पाटी पुसली गेली. तिच्यावर नवे काही उमटले नाही. त्याच्या रोग्यांची पुढे त्याच संस्थेतल्या दुसऱ्या संशोधकांनी पाहणी केली. तिचा वृत्तांत १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्याहून अधिक रोग्यांना उपचारापूर्वीच्या सहा महिन्यांपासून दहा वर्षांपर्यंतच्या काळाची कायमची विस्मृती झाल्याचे त्यात नोंदलेले आहे. चिंता किंवा औदासीन्य घेऊन दवाखान्यात गेलेली माणसे आपला संसार आठवेनासा होऊन घरी परतली. १९८८ मध्ये अमेरिकेच्या सरकारने नऊ रोग्यांच्या दाव्यात साडेसात लाख डॉलर देऊन तडजोड केली, आणि १९९२ मध्ये कॅनडाच्या सरकारने ७७ जणांना प्रत्येकी एक लाख डॉलर दिले.

यातला दैवदुर्विलास असा की, ज्या १९५६ साली कॅमेरॉनचा लेख निघाला, त्याच वर्षी अमेरिकेत सायमन आणि एमन्स या दोघांनी झोपेत शिकता येते का, याची कसून परीक्षा घेतली होती. मेंदूतल्या विजेच्या लहरींची नोंद ठेवीत त्यांनी झोपलेल्या माणसांना प्रश्न आणि उत्तरे ऐकवली. माणूस जागा किंवा अर्धवट जागा असताना ऐकवलेले थोडेबहुत आठवले. खरी झोप लागल्यावर ऐकवलेले काहीच आठवले नाही. झोपलेल्या माणसाला धडे देऊन तो शिकत नाही, एवढी साधी गोष्ट तेव्हाच हाताशी होती.

तिसरे उदाहरण ऑस्ट्रेलियातले. सिडनीजवळ चेम्सफर्ड नावाचे एक खासगी रुग्णालय होते. तेथे हॅरी बेली याने १९६३ पासून १९७९ पर्यंत दीर्घ निद्रेचा उपचार चालवला. १९८८ मध्ये शाही आयोग नेमला गेला आणि न्यायमूर्ती स्लॅटरी यांचा अहवाल १९९० मध्ये आला. या उपचाराशी २४ मृत्यू जोडले गेले. बेलीने त्यापूर्वीच, १९८५ मध्ये आत्महत्या केली होती. कित्येक रोग्यांची संमतीही घेतलेली नव्हती. एक रोगी १९७३ मध्ये किरकोळ तक्रारीसाठी गेला आणि पुष्कळ दिवसांनी जागा झाला, तेव्हा आपल्यावर काय गुदरले हे त्याला सांगता येईना. तरी तो न्यायालयात गेला, आणि १९८० मध्ये ज्यूरीने त्याला साठ हजार डॉलर देवविले. रोग्यांना आठवत नव्हते. मग पुरावा आला कोठून? पुष्कळसा आला तो कागदपत्रांतून, आणि ते कागद जपून बाहेर आणण्याची जोखीम तिथल्याच एका परिचारिकेने पत्करली. ज्याची आठवण काढून घेतली आहे त्याच्या वतीने दुसऱ्या कष्टकरी माणसाने आठवण ठेवावी, यापेक्षा मोठी माणुसकी आम्हांला ठाऊक नाही.

लंडन, माँट्रियल, सिडनी, तिन्ही ठिकाणी उपचार डॉक्टरच्या मालकीचा राहिला. रोग्याची विस्मृती कोठे सोय मानली गेली, कोठे उद्दिष्ट ठरली, कोठे गुन्ह्यावरचे पांघरूण झाली.

जागेपणीची विद्या

आता दुसऱ्या अर्थाकडे वळू. रोग्याला झोपवण्याऐवजी झोपेचे नियम शोधून ते त्याला शिकवावेत, हा मार्ग प्रयोगशाळेतून आला. शिकागोचा नेथेनिएल क्लाइटमन हा या विद्येचा आद्य पुरुष. १९३८ मध्ये तो आणि त्याचा विद्यार्थी रिचर्डसन हे दोघे केंटकीतल्या मॅमथ गुहेत, सूर्यप्रकाशापासून दूर, ३२ दिवस राहिले. दिवस चोवीस तासांऐवजी अठ्ठावीस तासांचा मानून ते झोपू-उठू लागले. तरुण विद्यार्थ्याचे शरीर आठवडाभरात रुळले. चाळिशी ओलांडलेल्या क्लाइटमनचे अखेरपर्यंत रुळले नाही. पाळ्या बदलत्या ठेवून कामगाराला सवय होईल म्हणणाऱ्या मालकांनी ही गुहा अवश्य पाहावी. याच क्लाइटमनने आपला विद्यार्थी असेरिन्स्की याच्यासह १९५३ मध्ये झोपेत डोळे जलद हलण्याचा काळ शोधला, आणि झोप म्हणजे नुसते मेंदूचे बंद पडणे नव्हे, हे जगाला कळले.

पुढे १९७२ मध्ये रिचर्ड बूटझिन याने एक साधी गोष्ट मांडली. निद्रानाशाच्या माणसाला बिछाना पाहिला की झोप आठवत नाही, तळमळ आठवते. म्हणून झोप आल्यावाचून आडवे होऊ नये. पंधरा-वीस मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसावे. झोप आल्यावर परतावे. सकाळी रोज एकाच वेळी उठावे. दिवसा लवंडू नये. १९८७ मध्ये न्यूयॉर्कच्या आर्थर स्पीलमन व त्याच्या सहकाऱ्यांनी दुसरा उपाय सांगितला. आठ तास अंथरुणात पडून पाचच तास झोप लागत असेल, तर काही दिवस अंथरुणातला वेळच कमी करावा. त्यामुळे झोपेची ओढ वाढते, ती सलग लागते, आणि मग वेळ हळूहळू वाढवता येतो. उन्माद आणि औदासीन्य आलटून पालटून येणाऱ्या रोग्याला मात्र फार जागवले तर उन्माद उसळण्याची भीती असते. म्हणून त्याचा अंथरुणातला वेळ साडेसहा तासांखाली नेऊ नये, अशी काळजी घेतात. आपल्या मनाने हा प्रयोग कोणी करू नये, हे येथे आवर्जून सांगतो.

हे उपाय इतके गुणाला आले की, २०१६ मध्ये अमेरिकेच्या वैद्यांच्या एका प्रमुख संघटनेने प्रौढांच्या जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार गोळीचा नव्हे, हाच करावा, असे सांगितले. येथे मात्र सारे उलटे झाले. पूर्वीच्या निद्रोपचारात रोग्याने काहीच करायचे नव्हते. या उपचारात रात्री दोन वाजता, डॉक्टर आपल्या घरी झोपलेला असताना, रोग्याने नियम आठवून बिछान्यातून उठायचे आहे. आठवले नाही तर उपचारच नाही.

विसरणाऱ्याला विद्या कशी द्यावी?

आणि अडचण नेमकी येथेच आहे. ज्याची झोप गेली त्याची आठवणही दुबळी होते. १९२४ मध्ये जेंकिन्स आणि डॅलनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांना निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करायला लावून हे दाखवले होते. पाठ करून आठ तास झोपलेल्याला दहापैकी पाच-सहा अक्षरे आठवत; तेवढाच वेळ जागून काढलेल्याला जेमतेम एक. झोप ही आठवणीची राखणदार आहे. त्यात मनाचा आजार असला की लक्ष लागत नाही, शिकलेले वेळेवर सुचत नाही. म्हणजे या रोगावरची विद्या ज्या भांड्यात घ्यायची, त्या भांड्यालाच रोगाने भोक पाडलेले असते.

निरोगी माणसाची स्थितीही फारशी अभिमानास्पद नाही. १९६० नंतर इंग्लंडात फिलिप ले याने रोगी डॉक्टरचे बोलणे किती विसरतात याच्या मोजण्या केल्या; त्या अनेकांनी पुढे चालवल्या. २००३ मध्ये हॉलंडच्या केसल्स या संशोधकाने या मोजण्यांचा आढावा घेऊन सांगितले की, वैद्यकीय माहितीपैकी ४० ते ८० टक्के तत्काळ विसरली जाते, आणि जी आठवते तिच्यातलीही जवळजवळ निम्मी चुकीची आठवते. जितके जास्त सांगावे, तितके जास्त गळते.

मग मनाच्या रोग्यांचे काय? कॅलिफोर्नियात बर्कली येथे ॲलिसन हार्वी या बाईंनी आपल्या सहकाऱ्यांसह हाच प्रश्न हाती घेतला. उन्माद-औदासीन्याच्या विकाराबरोबर निद्रानाशही असलेल्या रोग्यांना झोपेचा उपचार शिकवून झाल्यावर त्यांनी, यादी न दाखवता, काय आठवते ते विचारले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात रोग्यांना शिकवल्यापैकी सुमारे एक-पंचमांश ते एक-तृतीयांशाहून थोडेसे अधिक एवढेच मुद्दे आठवले. आमच्या मागवाल्याला सातांतला दीड मुद्दा आठवला होता. हिशेब करून पाहा. तो कोणी वेगळा मंदबुद्धी नव्हता, जगातल्या त्याच्यासारख्या सर्वांच्या पंक्तीतलाच होता.

या संशोधक मंडळींनी रोग्याला दोष दिला नाही, हे आम्हांला विशेष वाटले. त्यांनी शिकवणाऱ्याचे वर्तन बदलायचे ठरवले. महत्त्वाचा मुद्दा आला की रोग्याचे लक्ष मुद्दाम वेधून घ्यावे. मुद्दे गटांत बांधून द्यावेत. या उपायाने आपले काय भले-बुरे होईल याची चर्चा त्याच्याशी करावी. त्याच्या रोजच्या जीवनातला प्रसंग घेऊन तो लावून दाखवावा. पुन्हा पुन्हा सांगावे. मागच्या वेळी काय शिकलो हे त्याच्याच तोंडून काढावे. घरात डोळ्यांसमोर राहील अशी खूण किंवा चिठ्ठी द्यावी. आणि त्याला आठवले की शाबासकी द्यावी. ही आठ साधने त्यांनी नावे देऊन मांडली.

हे वाचताना आम्हांला हसू आले. गेटसभेत बोलणाऱ्या प्रत्येक जुन्या कार्यकर्त्याला यातली निम्मी ठाऊक आहेत. उमेदीच्या काळात आम्ही तास तास बोलत असू आणि दुसऱ्या दिवशी कामगाराला मागण्या विचारल्या की तो म्हणे, "भाषण झकास झालं." आमच्या एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यांनी तेव्हा कानउघाडणी केली होती की, सभेला जे आठवत नाही ते तू बोललासच नाहीस असे समज. तेव्हापासून आम्ही मागण्या तीनच ठेवतो आणि त्या कामगारांकडून म्हणवून घेतो.

अर्थात, आठवले म्हणजे बरे झाले, असा भाबडा निष्कर्ष कोणी काढू नये. नियम पाठ असूनही तो पाळता येत नाही, अशी अनेकांची परिस्थिती असते. एका खोलीत सहा माणसे झोपत असतील तर उठून दुसऱ्या खोलीत बसावे कसे? आठवड्याला पाळी बदलत असेल तर रोज एकाच वेळी उठावे कसे? जी गोष्ट शिकवून सुटते ती शिकवावी. जी पाळी बदलल्यावाचून सुटत नाही, तिच्यासाठी शिकवणीचा आधार घेऊन रोग्यालाच बोल लावू नये.

आपल्याकडचा कायदा

आपल्या देशातही या इतिहासातून काही शहाणपण आले आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ च्या मे महिन्यापासून अंमलात आहे. रोग्याला आपल्या आजाराची आणि उपचाराची माहिती मिळण्याचा हक्क त्यात आहे, आपले वैद्यकीय कागद पाहण्याचा हक्क आहे, भूल न देता विजेचे झटके देण्यास बंदी आहे. शिवाय, आपण शुद्धीवर असताना, पुढे आजारपणात आपल्यावर कोणते उपचार करावेत आणि कोणते करू नयेत, हे प्रौढ माणसाला आगाऊ लिहून ठेवता येते. चेम्सफर्डच्या रोग्यांपाशी असा एखादा कागद असता तर! माणसाची आठवण जेव्हा त्याला सोडून जाते, तेव्हा तिच्या जागी उभा राहणारा हा कागद आहे. परंतु माहिती देणे म्हणजे कानावर घालणे नव्हे. ती ध्यानात राहील अशा रीतीने दिली, तरच हक्क पुरा झाला, असे आम्ही मानतो.

आता त्या मागवाल्याचे सांगून पुरे करतो. पुढच्या खेपेस आम्ही डॉक्टरांना विनंती केली की सात गोष्टी सांगू नका, तीनच सांगा, आणि निघण्यापूर्वी त्याच्याकडून वदवून घ्या. डॉक्टरांनी राग मानला नाही; उलट कागद पुढे ओढून, त्याच्याच शब्दांत, मोठ्या अक्षरांत तीन ओळी लिहून दिल्या. त्याच्या बायकोने तो कागद पाण्याच्या माठावर चिकटवला. दर रविवारी तो कचेरीत येई, तेव्हा आम्ही नमस्काराआधी तीन गोष्टी विचारीत असू. पहिल्या रविवारी एक आली, महिन्याने तिन्ही आल्या. कारखानदाराशी चार महिने भांडून त्याला कायम दिवसपाळी मिळवून दिली, तीही उपचाराचाच भाग होती.

तो पूर्ण बरा झाला असे आम्ही म्हणणार नाही. त्याचा आजार मोठा आहे, औषधे चालू आहेत, मधून एकदा बिघडलाही. पण परवा रातपाळीच्या दुसऱ्या एका पोराला तो चहाच्या टपरीवर सांगत होता, "झोप येईना तर खाटंवर तळमळत पडू नगंस. ऊठ, बाहेर बस, झोप आली की जा." आम्ही मागे उभे राहून ऐकत होतो. ते आपल्याला कोणी शिकवले, हे त्याने सांगितले नाही. त्याला ते आता आठवतही नसेल.